एक्सएमएलचा मूळ मजकूर एक्सएसएलटीने वेबपानावर दाखवण्याविषयी

बोलीसंग्राहक (प्रश्न)

नमस्कार. मालवणी बोलीचा एक शब्दसंग्रह आम्ही काही मंडळी मिळून तयार करीत आहोत. सर्व नोंदी एक्सएमएलमध्ये, म्हणजे मजकुराचा प्रत्येक भाग कोनकंसातल्या नावांनी (टॅगांनी) वेगळा दाखवणाऱ्या स्वरूपात, ठेवल्या आहेत आणि टॅगांची नावे मुद्दाम देवनागरीत घेतली आहेत. नोंदी तपासणारे बहुतेक जण निवृत्त शिक्षक असल्यामुळे 'अर्थ', 'उदाहरण', 'व्युत्पत्ती' असे टॅग त्यांना पाहताक्षणी कळतात. नमुन्यादाखल एका नोंदीचा काही भाग देतो:

<नोंद क्रमांक="२१७">
  <शब्द>दूद</शब्द>
  <अर्थ>दूध</अर्थ>
  <उदाहरण>च्यात <मूळ>दूद</मूळ> घाल.</उदाहरण>
</नोंद>

वाचकांसाठीचे पान एक्सएसएलटी (एक्सएमएलचे दुसऱ्या रूपात रूपांतर करणारी भाषा) १.० च्या स्टाइलशीटने, म्हणजे त्या भाषेतल्या नियमांच्या फाइलने, तयार होते आणि त्यात काही अडचण नाही. अडचण आहे ती तपासनिसांच्या पानाची. त्यांना कोशासारखी सजवलेली नोंद नको आहे. कोणता मजकूर कोणत्या टॅगात बसवला आहे, हेच त्यांना पाहायचे असते. म्हणून टॅगांसकट सगळे एक्सएमएल वेबपानावर उमटवणारी दुसरी स्टाइलशीट मी लिहायला घेतली. टॅग दिसतात, पण पुढच्या दोन गोष्टी सुटत नाहीत.

पहिली गोष्ट व्युत्पत्तीची आहे. तिथे आम्ही 'दूद < दुद्ध < दुग्ध' अशी खूण वापरतो. ही खूण एक्सएमएलमध्ये थेट लिहिता येत नसल्यामुळे काही जणांनी ती एन्टिटीच्या (चिन्हाऐवजी लिहायच्या सांकेतिक अक्षरांच्या) रूपात लिहिली आहे, तर काहींनी संपूर्ण व्युत्पत्ती सीडेटा विभागात (जिथली चिन्हे टॅग न मानता जशीच्या तशी घेतली जातात अशा भागात) ठेवली आहे. माझ्या पानावर दोन्ही प्रकारच्या नोंदी अगदी सारख्या दिसतात. कोणी कोणती पद्धत वापरली हे कळले, तरच आम्हाला सगळीकडे एकच पद्धत आणता येईल.

दुसरी गोष्ट अशी की, ही फाइल माझ्या संगणकावर नुसती उघडली तर क्रोममध्ये पान कोरे येते. स्टाइलशीट जोडणारी ओळ काढून टाकल्यास मात्र ब्राउझरचे नेहमीचे झाड (टॅगांची पातळीवार मांडणी) दिसते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

टेम्प्लेटकार

आपला पहिला प्रश्न एक्सएसएलटीच्या मुळाशी जाणारा आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

स्टाइलशीटच्या हाती आपली फाइल कधीच येत नाही. फाइल आधी पार्सर (एक्सएमएल वाचून उलगडणारा प्रोग्राम) वाचतो आणि तिच्यापासून नोडांचे, म्हणजे टॅग, मजकूर अशा घटकांचे, झाड तयार करतो. एक्सएसएलटी फक्त हे झाड पाहते. एन्टिटी उलगडणे आणि सीडेटाची सीमा पुसून आतला मजकूर साध्या टेक्स्ट नोडमध्ये मिसळणे, ही दोन्ही कामे झाड तयार होतानाच उरकलेली असतात. त्यामुळे आपल्या दोन्ही प्रकारच्या व्युत्पत्ती स्टाइलशीटपर्यंत पोहोचतात तेव्हा त्यांच्यात काहीही फरक उरलेला नसतो, आणि कितीही कौशल्याने टेम्प्लेट (स्टाइलशीटमधला एकेक नियम) लिहिली तरी तो फरक परत आणता येत नाही. ॲट्रिब्यूटच्या (टॅगात लिहिलेल्या 'क्रमांक'सारख्या गुणधर्माच्या) मूल्याभोवती एकेरी अवतरणचिन्ह होते की दुहेरी, रिकामे एलिमेंट (उघडणाऱ्या टॅगापासून बंद होणाऱ्या टॅगापर्यंतचा भाग) एकाच टॅगात मिटवले होते की उघडून बंद केले होते, टॅगाच्या आत दोन ॲट्रिब्यूटांमध्ये किती जागा सोडली होती, ही माहितीही अशीच जाते. फाइलच्या माथ्यावरची एक्सएमएलची घोषणा आणि डॉक्टाइपसुद्धा झाडात नसतात. ॲट्रिब्यूटांचा क्रम बहुधा मूळचाच राहतो, परंतु तो राहील अशी हमी मानक देत नाही.

असे असले तरी तपासनिसांच्या बऱ्याचशा कामाला झाड पुरते, आणि ते नीट उमटवणे हे शिकण्यासारखे काम आहे. इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये एक्सएमएल उघडल्यावर दिसणारे, उघडझाप करणारे झाड हे ब्राउझरमध्येच दडवलेल्या एका स्टाइलशीटचे काम होते, आणि फायरफॉक्सनेही आपल्या झाडासाठी हाच मार्ग धरला. म्हणजे आपण जे करीत आहात, ते ब्राउझर बनवणाऱ्यांनीही केलेले आहे.

मांडणी अशी करावी. कोणत्याही एलिमेंटला लागू होणारी, म्हणजे 'मॅच'मध्ये तारका असलेली, एक टेम्प्लेट घ्यावी. तिने आधी उघडणारा कोनकंस, मग नेम() फलनाने मिळालेले नाव, मग फॉर-ईच लावून एकेक ॲट्रिब्यूट आणि शेवटी बंद होणारा कोनकंस लिहावा. त्यानंतर अप्लाय-टेम्प्लेट्सने आतल्या नोडांकडे जावे आणि परत आल्यावर बंद होणारा टॅग लिहावा. लोकल-नेम() ऐवजी नेम() घेण्याचे कारण असे की, पुढे कधी नेमस्पेसचा (नावांचे गट वेगळे ठेवणाऱ्या सोयीचा) उपसर्ग आला तर तोही दिसला पाहिजे. स्टाइलशीटमध्ये कोनकंस एन्टिटी म्हणूनच लिहावेत. एचटीएमएल लिहिताना प्रोसेसर (स्टाइलशीट चालवणारा प्रोग्राम) त्यांना पुन्हा एन्टिटीचे रूप देतो आणि ब्राउझर ते वाचकाला कोनकंस म्हणून दाखवतो. यासाठी डिसेबल-आउटपुट-एस्केपिंग (चिन्हांना एन्टिटीचे रूप देणे थांबवणारा पर्याय) वापरण्याची गरज नाही. फायरफॉक्स ते मानतही नाही.

कॉमेंट आणि प्रोसेसिंग इन्स्ट्रक्शन (फाइल हाताळणाऱ्या प्रोग्रामला दिलेली सूचना) यांच्यासाठी स्वतंत्र टेम्प्लेट लिहाव्याच लागतात, कारण अंगभूत टेम्प्लेट त्यांना गाळून टाकतात. तपासनिसांनी एकमेकांसाठी लिहिलेल्या सूचना कॉमेंटमध्ये असतील, तर त्या पानावरून गुपचूप नाहीशा होतील, आणि असे पान तपासणीच्या कामाचे नाही.

आता व्युत्पत्तीतली खूण. टेक्स्ट नोड नुसता व्हॅल्यू-ऑफने लिहिला, तर पानावर नागडा कोनकंस दिसतो आणि वाचकाला वाटते की मूळ फाइलमध्येही तो तसाच आहे. मजकूर वैध एक्सएमएल म्हणून दिसावा असे वाटत असेल, तर मजकुरातल्या प्रत्येक कोनकंसाच्या जागी एन्टिटीची अक्षरे उमटवावी लागतात. त्याआधी, ज्याने एन्टिटी सुरू होते त्या अँपरसँड चिन्हालाही हीच वागणूक द्यावी लागते. हा क्रम उलटा झाला, तर नव्याने घातलेल्या एन्टिटीतला अँपरसँड पुन्हा बदलतो आणि सगळे बिघडते. एक्सएसएलटी १.० मध्ये बदली करणारे फलन नाही. ट्रान्सलेट() एका अक्षराच्या जागी एकच अक्षर ठेवू शकते. म्हणून सबस्ट्रिंग-बिफोर() आणि सबस्ट्रिंग-आफ्टर() यांच्या साहाय्याने स्वतःलाच बोलावणारी एक टेम्प्लेट लिहावी लागते. २००७ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीत रिप्लेस() आहे आणि तिथे हे काम दोन ओळींत होते.

आणखी एक सावधगिरी. आपल्या 'उदाहरण' या टॅगात मजकूर आणि 'मूळ' हा टॅग एकाच ओळीत मिसळलेले आहेत. पान सुबक दिसावे म्हणून प्रत्येक टॅग नव्या ओळीवर आणला, तर 'दूद' या शब्दाच्या आधी आणि नंतर मूळ नोंदीत नसलेल्या ओळी दिसू लागतात. ज्या एलिमेंटच्या थेट लेकरांमध्ये रिकाम्या जागेपलीकडचा मजकूर असलेला टेक्स्ट नोड आहे, त्याच्या आत कोणतीही मोकळी जागा स्वतःहून घालू नये. नॉर्मलाइझ-स्पेस() लावून ही अट तपासता येते.

स्थानिक सर्व्हर

कोऱ्या पानाविषयी. हा दोष आपल्या स्टाइलशीटचा नाही. संगणकावरची फाइल थेट उघडली की क्रोम प्रत्येक फाइलला स्वतंत्र उगम असलेली, म्हणजे वेगळ्या संकेतस्थळावरची असल्यासारखी, मानतो आणि एका फाइलला दुसऱ्या फाइलमधली स्टाइलशीट वाचू देत नाही. फायरफॉक्सने २०१९ मध्ये, ६८ व्या आवृत्तीपासून, असेच कडक धोरण स्वीकारले. डेव्हलपर टूल्समधला कन्सोल उघडून पाहिलात, तर तिथे याविषयीची सूचना आलेली दिसेल.

यावरचा सरळ उपाय म्हणजे त्याच फोल्डरमध्ये एक लहानसा सर्व्हर चालवणे. पायथन ३ बसवलेले असेल, तर त्याच्यासोबत येणारे एचटीटीपी-सर्व्हर मॉड्यूल एका आज्ञेत सुरू होते आणि पान लोकलहोस्टच्या (आपल्याच संगणकाच्या) ८००० क्रमांकाच्या पोर्टवर दिसू लागते. ब्राउझरची सुरक्षा सैल करणारे पर्यायही काही ठिकाणी सुचवलेले आढळतात. तपासनिसांच्या संगणकांवर ते अजिबात वापरू नयेत, कारण त्याच ब्राउझरमधून ही माणसे बँकेचे व्यवहारही करीत असतात.

आधीच रूपांतर

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे, पण ब्राउझरकडून रूपांतर करून घेण्याचा मार्गच आपण सोडावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

ब्राउझरांमधली एक्सएसएलटी १.० वरच थांबली. हे मानक नोव्हेंबर १९९९ मधले आहे. २.० आणि २०१७ ची ३.० या आवृत्त्या कोणत्याही प्रमुख ब्राउझरने स्वतःमध्ये आणल्या नाहीत. क्रोम ज्या लिबएक्सएसएलटी या ग्रंथालयावर अवलंबून आहे, ते सी भाषेतले जुने काम आहे आणि त्यात स्मृतीच्या गैरहाताळणीतून उद्भवणारे सुरक्षादोष वारंवार सापडत आले आहेत. या कारणास्तव क्रोमच्या संघाने २०२५ मध्ये एक्सएसएलटी काढून टाकण्याचे वेळापत्रक जाहीर केले. त्यानुसार १५५ व्या आवृत्तीत, म्हणजे नोव्हेंबर २०२६ मध्ये, सामान्य वापरकर्त्यांसाठी ती बंद व्हायची आहे. जुन्या पानांसाठी लिबएक्सएसएलटी वेबअसेम्ब्लीत (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या यंत्रसंकेतात) बांधून केलेले एक पॉलीफिलही (काढलेली सोय भरून देणारा कोड) त्यांनी दिले आहे. परंतु जे पान आज नव्याने बांधले जात आहे, ते कुबडीच्या आधाराने उभे करण्यात अर्थ नाही. बोलीचा संग्रह पुढची कित्येक वर्षे वाचला जावा अशीच आपली इच्छा असणार.

हे भवितव्य एक्सएमएलचे नाही आणि एक्सएसएलटीचेही नाही, हे मुद्दाम नमूद करतो. जे जाते आहे ते फक्त ब्राउझरमधले रूपांतर. आपल्या संगणकावर स्टाइलशीट एकदा चालवून तयार झालेले साधे एचटीएमएल संकेतस्थळावर ठेवले, तर कोणत्याही ब्राउझरच्या निर्णयाचा त्यावर परिणाम होत नाही. एक्सएसएलटीप्रोक ही आज्ञा लिनक्सवर सहज मिळते आणि आपली १.० ची स्टाइलशीट ती आहे तशी चालवते. कोरे पान येण्याची अडचणही त्याबरोबर आपोआप मिटते, कारण तयार एचटीएमएलला दुसरी फाइल वाचावीच लागत नाही.

मी मात्र आपल्याला सॅक्सन-एचई सुचवेन. हा जावावर चालणारा मुक्तस्रोत प्रोसेसर ३.० आवृत्ती जाणतो. तिथे सीरियलाइझ() हे फलन कोणताही नोड टॅगांसकट मजकुरात बदलून देते. टेम्प्लेटकारांनी वर्णन केलेली जवळजवळ सगळी खटपट त्या एका फलनात सामावते, आणि अँपरसँड व कोनकंस यांची काळजीही तेच घेते. प्रत्येक टॅगाला वेगळा रंग द्यायचा असेल, तर मात्र वरची पद्धतच लागेल.

आपला मुख्य प्रश्न, म्हणजे सीडेटा आणि एन्टिटी यांतला फरक, याचे उत्तरही तिथेच आहे. अनपार्स्ड-टेक्स्ट() हे २.० पासूनचे फलन फाइल पार्सरकडे न देता निव्वळ अक्षरे म्हणून वाचते. जे लिहिले आहे ते, एकही अक्षर न बदलता, पानावर येते. एक बारकावा ध्यानात ठेवावा. या फलनाला फाइलचे नुसते नाव दिले, तर ते स्टाइलशीट जिथे आहे तिथून शोधले जाते, एक्सएमएल जिथे आहे तिथून नाही. दोन्ही फाइली वेगवेगळ्या फोल्डरांत असल्यास डॉक्युमेंट-यूआरआय() कडून एक्सएमएलचा पूर्ण पत्ता घेऊन तोच या फलनाला द्यावा.

बोलीसंग्राहक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अनपार्स्ड-टेक्स्टने काढलेल्या पानावर सीडेटा विभाग आता स्पष्ट दिसतात, आणि व्युत्पत्ती सगळीकडे एन्टिटीच्या रूपात लिहावी असे आम्ही ठरवले आहे. रंगीत टॅगांचे पान वेगळे ठेवणार आहोत, कारण नवीन तपासनिसांना तेच सोपे वाटते.

दोन शंका उरल्या आहेत. 'प्री' या (मोकळ्या जागा जशाच्या तशा दाखवणाऱ्या) एचटीएमएल टॅगात ठेवलेला देवनागरी मजकूर उभ्या ओळीत जुळत नाही. 'शब्द' आणि 'अर्थ' यांच्यापुढचा मजकूर एकाखाली एक यावा म्हणून घातलेल्या मोकळ्या जागा कमीजास्त दिसतात. दुसरी शंका अशी की, आमच्या एका सहकाऱ्याच्या संगणकावर 'तऱ्हा' नावाचा टॅग असलेली फाइल पार्सरने नाकारली. तीच फाइल माझ्याकडे टॅगाचे नाव नव्याने टंकल्यावर चालली.

लिपीकार

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण ती जास्त घातक आहे. 'ऱ्ह' मधला डोळ्यातला र दोन प्रकारे टंकता येतो. एक प्रकार युनिकोडमधल्या नुक्त्याच्या 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून होतो, आणि दुसऱ्या प्रकारात साध्या 'र'ला हलन्त जोडून पुढे झीरो-विड्थ-जॉइनर हे अदृश्य चिन्ह घातले जाते. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. मजकुरात दोन्ही चालतात, परंतु टॅगाच्या नावात नियम कडक आहेत. एक्सएमएल १.० च्या चौथ्या आवृत्तीपर्यंत नावात हे अदृश्य चिन्ह निषिद्ध होते. २००८ च्या पाचव्या आवृत्तीने ते मान्य केले, पण सगळे पार्सर पाचव्या आवृत्तीप्रमाणे चालतात असे नाही. आपल्या सहकाऱ्याच्या कळफलकाने नावात ते चिन्ह घातलेले असण्याची दाट शक्यता आहे. टॅगांच्या नावांमध्ये 'ऱ' हे अक्षरच वापरावे, असा नियम आपल्या लेखनसूचनांमध्ये घालावा.

याच कारणाने उघडणारा टॅग एका पद्धतीने आणि बंद होणारा दुसऱ्या पद्धतीने टंकला गेला, तर चिन्ह मान्य करणारा पार्सरही 'टॅग जुळत नाहीत' असे सांगतो, आणि माणूस दोन्ही नावे पुन्हापुन्हा वाचून चक्रावतो. असे झाल्यास डोळ्यांवर विसंबू नये. दोन्ही नावांची अक्षरसंख्या संपादकात मोजून पाहावी.

उभ्या जुळणीविषयी माझे मत असे की, देवनागरीसाठी मोकळ्या जागांवर विसंबणेच सोडावे. कोड दाखवण्यासाठी ब्राउझर जे समरुंद फाँट घेतात, त्यांत देवनागरी बहुधा नसते. मग तेवढ्या मजकुरासाठी दुसरा फाँट येतो आणि त्यात 'क्ष'ची रुंदी 'र'एवढी नसते. रंगीत टॅगांच्या पानावर प्रत्येक एलिमेंटसाठी एक 'डिव्ह' लिहून त्याला सीएसएसने डावीकडे समास द्यावा, म्हणजे पातळी नेमकी कळेल. अस्सल मजकुराच्या पानावर मात्र मूळ जागा जशा आहेत तशाच राहू द्याव्यात आणि व्हाइट-स्पेस या गुणधर्माला प्री-रॅप हे मूल्य द्यावे, म्हणजे लांब ओळी मोबाइलवर पडद्याबाहेर जाणार नाहीत.

बोलीसंग्राहक

'तऱ्हा'ची फाइल तपासली, आणि आपण म्हणता तसे अदृश्य चिन्ह खरोखरच होते. आता फक्त एकच विचारतो. तपासनीस फोनवर "अमुक ओळीत चूक आहे" असे सांगतात. पानावर मूळ फाइलचे ओळ क्रमांक देता येतील का?

आधीच रूपांतर

झाडावरून काढलेल्या पानावर हे जवळजवळ अशक्य आहे. ओळ क्रमांक झाडाच्या व्याख्येतच नसल्यामुळे मानक एक्सएसएलटीकडे तो मागता येत नाही. अस्सल मजकुराच्या पानावर मात्र ते सोपे आहे. अनपार्स्ड-टेक्स्ट() ऐवजी ३.० मधले अनपार्स्ड-टेक्स्ट-लाइन्स() घ्यावे. ते फाइलची एकेक ओळ वेगळी करून देते. फॉर-ईचने प्रत्येक ओळ क्रमवार यादीतल्या एका 'एलआय'मध्ये ठेवावी, आणि सीएसएसमध्ये लिस्ट-स्टाइल-टाइपचे मूल्य 'देवनागरी' असे इंग्रजीत लिहावे. हे मूल्य मानकातच आहे आणि क्रमांक १, २, ३ असे आपल्याच अंकांत येतात. प्रत्येक 'एलआय'ला पोझिशन() वरून तयार केलेली आयडी दिलीत, तर तपासनिसांना विशिष्ट ओळीचा थेट दुवाही पाठवता येईल. फाइलमध्ये वर नवीन नोंद घातली की खालचे सर्व क्रमांक सरकतात. म्हणून पान कोणत्या तारखेच्या फाइलवरून काढले आहे, ते माथ्यावर छापावे आणि चूक कळवताना नोंदीचा क्रमांकही सांगण्यास सुचवावे.